मेघगर्जनेचा पक्षी

इ. स. १२०० सालीं जपानचा निवृत्त सम्राट गो-तोबा यानें एक लहानशी कविता रचली. सिंहासन सोडून त्याला दोनच वर्षें झालीं होतीं आणि त्याचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. कवितेचा विषय राजवाडा नव्हे, युद्ध नव्हे, प्रेमहि नव्हे. हाकुसान, म्हणजे शुभ्र पर्वत, या नांवाच्या दूरच्या डोंगरावर पाइनच्या झाडाच्या सावलींत दडून निर्धास्तपणें नांदणारा एक पक्षी, एवढाच तो विषय. सम्राटानें त्याला ‘राइ नो तोरि’ म्हटलें आहे. राइ म्हणजे मेघगर्जना आणि तोरि म्हणजे पक्षी. जपानी वाङ्मयांतील या पक्ष्याचा हा अगदीं प्राचीन उल्लेख समजला जातो. राजधानी क्योतोच्या परिसरांत हा पक्षी कधीं उतरत नाहीं. तो ज्या उंचीवर राहतो तेथें त्या काळीं दरबारी मंडळी जात नसत. जात ते तपस्वी. तेव्हां राजकवीच्या कानीं ही वार्ता पर्वतावरून परतलेल्या कोणा विरक्ताच्या मुखानेंच पोंचत असणार.

आज जपानी लोक या पक्ष्याला राइचो म्हणतात. इंग्रजींत त्याला टार्मिगन असें नांव आहे. आकारानें तो आपल्याकडील तित्तिरापेक्षां कांहींसा मोठा. चोंचीपासून शेपटीपर्यंत सुमारें ३७ सेंटिमीटर आणि वजनानें साधारण अर्धा किलो. बांधा कोंबडीसारखा गोल, मान आंखूड, चोंच लहान व काळी. नराच्या डोळ्यावर तांबड्या कातडीची एक कमान असते आणि वसंतांत, प्रतिस्पर्ध्याशीं झुंजतांना, ती फुगून कुंकवाच्या चिरीसारखी उठून दिसते. उडतां येत असूनहि तो चालणेंच अधिक पसंत करतो. संकट आलें तर पळण्यापूर्वीं तो जागच्या जागीं निश्चल बसून पाहतो, आणि बहुधा तेवढ्यानेंच त्याचें काम भागतें. याचें कारण त्याच्या अंगावरील वस्त्रांत आहे.

हीं वस्त्रें तो वर्षांतून तीन वेळां बदलतो. हिंवाळ्यांत नर व मादी दोन्ही शुभ्र पांढरीं होतात. शेपटीचीं बाजूचीं पिसें तेवढीं काळीं राहतात, आणि नराच्या चोंचीपासून डोळ्यापर्यंत काजळाची एक रेघ असते. बर्फ वितळूं लागलें कीं मादी पिवळसर तपकिरी रंगाची, काळ्या आडव्या रेषांची होते. वाळलेलें गवत आणि खुरटी झुडुपें यांच्यांत ती बसली म्हणजे चार पावलांवरूनहि दिसत नाहीं. नर पाठीवर काळसर होतो, पण त्याचें पोट व पंख पांढरेच राहतात, जणूं कांहीं वितळत्या बर्फांतून डोकावणारा खडकच. शरद ऋतूंत दोघांनाहि दगडावरील शेवाळासारखा करडा रंग येतो आणि पाठोपाठ पुन्हां पांढरीं पिसें फुटूं लागतात. दिवस लहान-मोठा होणें ही या पालटाची खूण. बर्फ पडलें कीं नाहीं याची तो वाट पाहत नाहीं. यांतच त्याचा एक धोकाहि आहे. एखाद्या वर्षीं हिम उशिरां आलें तर काळ्या खडकावर बसलेला पांढरा पक्षी ससाण्याला दुरूनच दिसतो.

त्याचे पाय हें त्याचें दुसरें वैशिष्ट्य. ते बोटांपर्यंत दाट पिसांनीं झांकलेले असतात. त्यामुळें ऊब राहते आणि मऊ बर्फावर चालतांना पाय रुतत नाहींत. रोमन ग्रंथकार प्लिनी यानें पहिल्या शतकांत आल्प्स पर्वतांतील अशा एका शुभ्र पक्ष्याचें वर्णन केलें असून, सशासारखे केसाळ पाय म्हणून त्याला ‘लागोपस’, शशपाद, म्हटलें आहे. शास्त्रानें पुढें हेंच नांव स्वीकारलें. मात्र १७८१ सालीं त्याला जें जातिनाम मिळालें त्याचा अर्थ ‘मुका’ असा होतो, आणि तें साफ चुकीचें आहे. बेडकासारख्या घोगऱ्या आवाजांत हा पक्षी पहांटेच्या वेळीं डोंगर दणाणून सोडतो. इंग्रजी नांवाची कथा तर त्याहूनहि गमतीची. मूळ शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेंतला, त-कारानें सुरू होणारा. १६८४ सालीं रॉबर्ट सिबाल्ड या विद्वान वैद्यानें, ग्रीक भाषेंत पंखाला ‘प्तेरोन’ म्हणतात हें मनांत धरून, त्याच्या आरंभीं एक ‘पी’ चिकटवून दिला. तो उच्चारांत कधींच आला नाहीं, पण शब्दकोशांतून कोणी त्याला काढूंहि शकलें नाहीं. पंडितांची चूक अडाण्याच्या चुकीपेक्षां दीर्घायुषी असते, याचें हें बरें उदाहरण.

उत्तर ध्रुवाभोंवतींच्या सर्व प्रदेशांत, म्हणजे आइसलंड, ग्रीनलंड, नॉर्वे, सैबेरिया, अलास्का, कॅनडा या देशांत, हा पक्षी थेट समुद्रकांठापर्यंत आढळतो. दक्षिणेकडे यावें तसतसा तो डोंगर चढूं लागतो; स्कॉटलंडांत उंच माळांवर, तर आल्प्स व पिरेनीज या पर्वतांत वृक्षरेषेच्याहि वर. आणि जगांतील त्याची अगदीं दक्षिणेकडील वस्ती आहे ती जपानच्या मुख्य बेटावर, सुमारें ३६ अंश अक्षांशावर, म्हणजे आपल्या श्रीनगरच्या थोड्याशाच उत्तरेस. एवढ्या दक्षिणेस हा ध्रुवप्रदेशाचा रहिवासी आला कसा?

गेल्या हिमयुगांत समुद्राचें पाणी हिमनद्यांत अडकून राहिल्यामुळें सागराची पातळी शंभर मीटरांहूनहि अधिक खालीं गेली होती. आशियाखंड व जपानी बेटें यांमधील सामुद्रधुन्या अरुंद झाल्या होत्या आणि उत्तरेकडील कांहीं तर पार आटल्या होत्या. त्या काळीं, वीस-तीस हजार वर्षांपूर्वीं, हे पक्षी उत्तरेकडून जपानांत उतरले व थंडगार सखल प्रदेशांत पसरले. पुढें हवा तापूं लागली, अरण्यें डोंगर चढूं लागलीं आणि त्यांच्यापुढें हा पक्षी पावलापावलानें वर सरकत गेला. महापुरांत गांव बुडाल्यावर माणसें देवळाच्या कळसावर जाऊन बसावींत, तशी त्याची अवस्था झाली. भोंवतीं उष्ण दऱ्यांचा समुद्र आणि माथ्यावर थंडीचीं लहान लहान बेटें! सुमारें २,४०० मीटरांच्या, म्हणजे ८,००० फुटांच्या वर, जेथें सरळ उभीं झाडें वाढूं शकत नाहींत तेथें हाइमात्सु नांवाचा बुटका, जमिनीवर सरपटणारा पाइन वाढतो. हाइमात्सु शब्दाचा अर्थच सरपटणारा पाइन असा आहे. कमरेइतक्या उंचीच्या या झुडुपांचीं गच्च जाळीं म्हणजे राइचोचें घर, दार आणि किल्ला. गो-तोबाच्या कवितेंतील पाइन तो हाच.

सैबेरियाचे वारे जपानच्या समुद्रावरून येतांना भरपूर बाष्प उचलतात आणि या डोंगरांवर अतोनात हिम टाकतात. जगांतील मोजक्याच ठिकाणीं इतकें बर्फ पडत असेल. हिंवाळ्याच्या रात्रीं पक्षी बर्फांत खळगा करून आंत बसतो व बाहेर वादळ घोंघावत असतां उबेंत झोपतो. हाल होतात ते हिंवाळ्यांत नव्हेत, उन्हाळ्यांत. जून महिन्यांत मादी हाइमात्सुच्या मुळाशीं पांच-सात अंडीं घालते आणि तीन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस एकटीच तीं उबवते. जुलईच्या आरंभीं पिलें बाहेर पडतात, आणि नेमकी तीच जपानच्या पावसाळ्याची ऐन वेळ. पिलें जन्मल्या दिवसापासून चालूं लागतात, स्वतःचें खाद्य स्वतः टिपतात, पण अंगांतील ऊब टिकविण्याची शक्ति त्यांना पहिले तीन-चार आठवडे नसते. थोडा वेळ चरावें, गारठून आईच्या पोटाखालीं शिरावें, पुन्हां बाहेर यावें, असा त्यांचा क्रम चालतो. सतत दोन-तीन दिवस पाऊस लागला तर अख्खें बिऱ्हाड नाहीसें होतें. पिलांपैकीं बहुतेक मरतात तीं या पहिल्या महिन्यांतच. आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी, कीं तीं आईची विष्ठा टिपून खातात. डोंगरी वनस्पतींतील कडू व विषारी द्रव्यें पचविणारे सूक्ष्म जंतु त्यांना अशा रीतीनें आईकडून मिळतात. हा वारसा मिळाल्यावांचून त्या उंचीवरील अन्न त्यांना मानवत नाहीं.

असा हा पक्षी मेघगर्जनेचा कसा झाला? स्वच्छ उन्हांत गरुड व ससाणे आकाशांत फिरत असतात, म्हणून तेव्हां तो जाळींत दडून राहतो. धुकें दाटलें, आभाळ भरून आलें, वादळाची चाहूल लागली कीं तो निर्भयपणें उघड्यावर येतो. पर्वतावर चढणाऱ्या यात्रेकरूला तो दिसे तो अशाच वेळीं. ढगांतून अकस्मात् प्रकट होणारा आणि माणसाला न भिणारा हा जीव मेघांच्या देवतेचा दूत आहे, असें त्याला वाटल्यास नवल नाहीं. एदो काळांत तर त्याच्या चित्रांचीं कागदी ताईतें वीज व आग यांपासून रक्षण व्हावें म्हणून घरांत ठेवीत. लांकूड व कागद यांनीं बांधलेल्या शहरांत आगीचें भय केवढें असेल याची कल्पना करावी, म्हणजे त्या ताइतांचें मोल कळेल.

हाकुसान, तातेयामा, ओंताके हे डोंगर देवांचीं स्थानें मानले जात. तातेयामाच्या पठारावर गंधकाच्या वाफा सोडणारी एक दरी आहे. तिला नरक म्हणत आणि माथ्यावरील शिखरांना स्वर्ग. यात्रेकरू शुभ्र वस्त्रें नेसून वर जात. स्त्रियांना वर जाण्यास बंदी होती. ती १८७२ सालीं उठली. तेथें शस्त्र घेऊन जाऊन देवाच्या अंगणांतील जीव मारणें हें पाप समजलें जाई. शतकानुशतकें चाललेल्या या श्रद्धेचा परिणाम असा झाला, कीं जपानचा राइचो माणसाला भीत नाहीं. वाटसरू चार-पांच हातांवर येऊन उभा राहिला तरी मादी पिलांसह चरतच राहते. युरोपांतील याच जातीचा पक्षी माणूस दूर असतांनाच उडून जातो, कारण तेथें त्याला माणूस म्हणजे बंदूक एवढेंच ठाऊक आहे. आइसलंडांत नाताळाच्या जेवणांत या पक्ष्याचें मांस हा मानाचा पदार्थ आहे. तेथें त्याची संख्या इतकी घटली, कीं २००३ व २००४ या दोन वर्षीं सरकारला शिकारीवर पूर्ण बंदी घालावी लागली. हा भेद जातीचा नव्हे, इतिहासाचा आहे. जेथें माणसाची वस्तीच नव्हती अशा ध्रुवाजवळील स्वालबार्ड बेटांवरहि हा पक्षी धीट आहे. पण जपानसारख्या दाट वस्तीच्या देशांत, हजारों यात्रेकरूंच्या वाटेवर, तो धीट राहिला ही निराळी गोष्ट होय.

मेजी राजवटीच्या आरंभीं, १८६८ नंतर, हें सर्व झपाट्यानें पालटलें. डोंगरावरील देवस्थानांचा जुना अधिकार मोडला. यात्रेकरूंच्या मागोमाग शिकारी, सर्वेक्षण करणारे आणि हौशी गिर्यारोहक वर जाऊं लागले. ओसाकाच्या टांकसाळींत नोकरीस असलेल्या विल्यम गाउलंड या इंग्रज धातुशास्त्रज्ञानें या पर्वतांना ‘जपानी आल्प्स’ हें नांव दिलें. १८८१ सालीं तें छापून आलें. वॉल्टर वेस्टन या धर्मोपदेशकानें १८९६ सालीं लिहिलेल्या पुस्तकानें तें जगभर नेलें, आणि १९०५ सालीं जपानी लोकांनीं स्वतःचा गिर्यारोहण-संघ स्थापन केला. या नव्या भक्तांचें पर्वतावरील प्रेम खरें होतें, यांत शंका नाहीं. पण देवाचें भय गेलें होतें, आणि न पळणारा पक्षी काठीनेंहि मारतां येतो. थोड्याच वर्षांत शिकार इतकी वाढली कीं १९१० सालीं ती कायद्यानें बंद करावी लागली. १९२३ सालीं राइचोला ‘निसर्गस्मारक’ आणि १९५५ सालीं ‘विशेष निसर्गस्मारक’ असा दर्जा मिळाला. जें काम सातशें वर्षें श्रद्धेनें विनामूल्य केलें होतें, तें आतां सरकारी ठरावावर सोंपविण्यांत आलें.

हाकुसानला मात्र कायदा उशिरां पोंचला. ज्या डोंगरामुळें हा पक्षी वाङ्मयांत आला, त्याच डोंगरावरून तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत नाहीसा झाला.

१९६० सालीं एक प्रयोग झाला. फुजी पर्वत सर्वांत उंच, सर्वांत पवित्र, आणि तेथें राइचो नाहीं, हें कांहींना शोभेनासें वाटलें असावें. उत्तर आल्प्समधील शिरोउमा शिखरावरून सात पक्षी नेऊन फुजीवर सोडण्यांत आले. कांहीं वर्षें ते दिसत राहिले, त्यांचीं पिलेंहि झालीं. पण १९७० च्या सुमारास सारें संपलें. फुजी हा वयानें तरुण ज्वालामुखी आहे आणि त्याच्यावर हाइमात्सु उगवतच नाहीं. उंची होती, थंडी होती, पण सम्राटाच्या कवितेंतील ती पाइनची सावली नव्हती.

त्याच सुमारास मध्य आल्प्समध्यें दुसरा प्रसंग घडला. १९६७ सालीं किसो-कोमागाताके या डोंगरावर माणसें नेणारा दोरमार्ग सुरू झाला आणि एके काळीं दोन दिवसांची चढण मिनिटांवर आली. माणसांबरोबर उष्टेंखरकटें वर गेलें, आणि त्यामागून कोल्हे व कावळे. १९६९ नंतर त्या पर्वतरांगेंत राइचो दिसला नाहीं. साऱ्या दोषाचा भार एकट्या दोरमार्गावर टाकणें न्यायाचें होणार नाहीं. ती वस्ती आधींच लहान होती. पण लहान वस्तीलाच लहान धक्का पुरतो.

शिनशू विद्यापीठाचे पक्षिशास्त्रज्ञ केंझो हानेदा व त्यांचे विद्यार्थी यांनीं शिखरामागून शिखर पायीं तुडवून गणती केली, तेव्हां १९८० च्या दशकांत सर्व जपानांत सुमारें ३,००० राइचो असल्याचें ठरलें. परभृत पक्ष्यांच्या अभ्यासासाठीं नांवाजलेले हिरोशी नाकामुरा हे याच गुरूचे शिष्य. त्यांनीं पुढें गुरूचें अपुरें काम हातीं घेऊन पुन्हां मोजदाद केली, तों आंकडा २,००० च्या खालीं उतरलेला! हवा तापत आहे, जंगल वर सरकत आहे. पूर्वीं हिमामुळें जे वर येत नसत ते हरणांचे कळप दक्षिण आल्प्समधील फुलांचीं कुरणें खाऊन उजाड करीत आहेत. २०१५ सालीं उत्तर आल्प्समध्यें एका जपानी माकडानें राइचोचें पिलूं तोंडांत धरलेलें नाकामुरांनीं स्वतः पाहिलें व त्याचें छायाचित्र घेतलें. त्यापूर्वीं असा प्रकार कोणी नोंदविला नव्हता.

आणि तरीहि या पक्ष्यानें एक गोष्ट अशी केली, कीं जी शास्त्रज्ञांनाहि अनपेक्षित होती. २००९ सालीं, सुमारें ७० वर्षांच्या शून्यानंतर, हाकुसानवर एक मादी सांपडली. २०१८ सालीं किसो-कोमागाताकेवर तशीच दुसरी दिसली. उत्तर आल्प्समधून, मधल्या खोल दऱ्या ओलांडून, ती एकटी तेथें येऊन राहिली होती. दरवर्षीं ती घरटें करी, अंडीं घाली व नराशिवाय घातलेलीं तीं निर्जीव अंडीं नेमानें उबवीत बसे. तिच्या घरट्यांत २०१९ व २०२० सालीं दुसरीकडचीं सजीव अंडीं नेऊन ठेवण्यांत आलीं. दोन्ही वेळां पिलें फुटलीं, आणि दोन्ही वेळां गेलीं. तेव्हां २०२० च्या आगस्टमध्यें नोरिकुरा पर्वतावरील तीन कुटुंबें, एकूण १९ पक्षी, हेलिकॉप्टरनें आणून तेथें सोडण्यांत आलीं. पुढील वर्षीं त्या डोंगरावर, अर्धशतकानंतर, राइचोच्या जोड्यांनीं स्वतःचीं पिलें वाढविलीं. २०२२ सालीं प्राणिसंग्रहालयांत वाढलेले पक्षीहि तेथें परत नेण्यांत आले.

यासाठीं वापरलेली युक्ति नाकामुरांनीं आधीं नोरिकुरावर व नंतर दक्षिण आल्प्समधील कितादाके या शिखरावर अजमावली होती. लांकडी चौकटीला जाळी लावून केलेला एक पिंजरा घरट्याजवळ ठेवतात. पहिला महिनाभर मादी व पिलें रात्रीं व वादळांत त्यांत राहतात. दिवसा त्यांना बाहेर सोडतात, म्हणजे तीं डोंगरावरील वनस्पति खातात व आईचा तो जंतूंचा वारसा घेतात. बाहेर असतांना दोन माणसें कोल्हा, ससाणा व कावळा यांवर नजर ठेवून त्यांच्यामागून फिरत असतात. ही सारी युक्ति एकाच गोष्टीवर उभी आहे, ती म्हणजे मादी माणसाला भीत नाहीं. आइसलंडच्या डोंगरावर ती एक दिवसहि चालली नसती.

सायंकाळीं परतण्याची वेळ झाली, कीं तीं माणसें तिच्या मागून हळू हळू पावलें टाकतात आणि ती पिंजऱ्याकडे चालूं लागते. वाटेंत पिलांना थंडी वाजली तर ती थांबते, पंख किंचित् पसरते, आणि पिलें एकामागून एक पोटाखालीं नाहींशीं होतात. माणसेंहि धुक्यांत तेथेंच उभीं राहतात. पिलें ऊब घेऊन बाहेर आलीं, म्हणजे सर्व मंडळी पुन्हां चालूं लागते.